धुमाळांची सही

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये टाउन कौन्सिलच्या सूचना लागतात. पाण्याच्या टाक्या धुणार आहेत, डासांचं औषध मारणार आहेत, असलं काहीतरी. चार भाषांत लिहिलेलं असतं आणि चारही भाषांतले लोक ते वाचत नाहीत. मी सिंगापुरात सेम्बावांगला राहायला येऊन आठ वर्षं झाली होती आणि एकही सूचना मी शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. धुमाळ वाचत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे होते आणि वरच्या ठळक अक्षरांपासून तळाच्या फोन नंबरापर्यंत सगळं वाचत होते. अकरावा मजला आला, दार उघडलं, मिटलं. माझा चौदावा आला. उतरता उतरता मी विचारलं, "अंकल, विच फ्लोअर?" ते वळले, माझ्या छातीवरचं जहाजदुरुस्ती यार्डाचं ओळखपत्र वाचलं, तेही पूर्ण, आणि म्हणाले, "पाटणकर ना? मग मराठीत विचारा की. अकरावा. पण होऊ दे वाचून." दार मिटलं आणि ते सूचनेसकट खाली गेले.

ज्ञानदेव धुमाळ हे पुण्याजवळच्या एका लष्करी वर्कशॉपात छत्तीस वर्षं फिटर होते. लष्करी वर्कशॉप म्हटलं की लोकांना वाटतं, आत सगळे वर्दीतले. तसं नसतं. गाड्यांची आणि रणगाड्यांची इंजिनं उतरवणारे, लेथ चालवणारे, रंग मारणारे, फायली लिहिणारे हे सगळे साधे शर्ट-पँटवाले सरकारी नोकर. वर्दी वरच्या थोड्या अधिकाऱ्यांची, आणि सगळ्यांच्या वर एक कमांडंट, हुद्द्याने ब्रिगेडियर. या दोन्ही बाजूंनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसायचं, त्याला वर्क्स कमिटी म्हणत. बोलणं झालं की त्याचं इतिवृत्त टाइप व्हायचं आणि खाली दोन सह्या पडायच्या, डावीकडे कमांडंटची आणि उजवीकडे युनियनच्या सेक्रेटरीची. एकवीस वर्षं उजवीकडची सही धुमाळांची होती.

बायको गेल्यावर मुलगा, नितीन, त्यांना इकडे घेऊन आला. नितीन पाया लेबारला एका कंपनीत, सूनबाई नोकरीला, नात इरा शाळेत. सकाळी साडेसातला फ्लॅट रिकामा व्हायचा तो संध्याकाळी सहाला भरायचा. मधले साडेदहा तास धुमाळांचे. ते घरात बसत नसत. अंघोळ करून, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट खोचून, खिशाला दोन पेनं लावून पावणेआठला खाली येत. इथल्या इमारतींचा तळमजला मोकळाच असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात, तिथल्या दगडी टेबलाशी बसत. बाराला वर जाऊन जेवत, साडेबाराला पुन्हा टेबलाशी. साडेचारला उठत आणि म्हणत, "चला, ड्युटी सुटली." मी एकदा विचारलं, "कसली ड्युटी, काका?"

"बसायची," म्हणाले.

मी बारा वर्षं जहाजांवर इंजिनिअर होतो. आता इथल्या एका यार्डात जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करतो. जहाज लागेल त्यावर माझी सुट्टी, त्यामुळे भर कामाच्या दिवशी दुपारी मी घरी असायचो आणि त्यांच्या तावडीत सापडायचो. माझ्या नखांतलं ग्रीस पाहून त्यांना बरं वाटलं. "साहेब असून हात काळे? आमच्याकडे एवढ्यावर तुमची चौकशी लागली असती." तेव्हापासून ते मला साहेब म्हणायला लागले. त्यात चार आणे आदर असायचा आणि बारा आणे टोमणा.

त्यांच्या बोलण्यात कमांडंट फार. छत्तीस वर्षांत त्यांनी तेरा पाहिले. एकेकाची चाल करून दाखवत, टेबलाभोवती फेऱ्या घालत, आणि समोरच्या ब्लॉकमधल्या चिनी आज्या आपले व्यायाम थांबवून बघत राहत. "लष्करातल्या माणसाला हुकमाची सवय," ते म्हणत. "आमच्या माणसाला नियमाची. साहेब म्हणणार, सकाळी इंजिन पाहिजे. आमचा माणूस म्हणणार, कुठल्या नियमाखाली? दोघंही आपापल्या जागी खरे. मधे कुणीतरी बसायला लागतं." शेडचं छप्पर गळतं अशी तक्रार आल्यावर एका कमांडंटने आपलं टेबल त्या शेडमध्ये हलवलं आणि छप्पर नीट होईपर्यंत तिथेच छत्री लावून काम केलं. त्या माणसाचं नाव घेताना धुमाळ अजूनही उठून उभे राहत. पण कमांडंट कितीही भला असला तरी त्याचं पोस्टिंग दोन, फार तर अडीच वर्षांचं. "पहिले सहा महिने त्याला वर्कशॉप कळत नाही. शेवटचे सहा महिने त्याचं लक्ष पुढच्या पोस्टिंगवर. आपलं काम मधल्या दिवसांत उरकायचं, आणि घ्यायचं ते कागदावर. तोंडी दिलेलं त्याच्या ट्रंकेबरोबर जातं. नवा आला की पहिला प्रश्न, इतिवृत्तात आहे का?"

कमांडंटच्या केबिनमधला चहा त्यांनी कधी घेतला नाही. कमिटी तीन-तीन तास चालायची, समोर कपात साय धरायची, यांनी हात लावला नाही. काचेबाहेरून माणसं बघत असतात, म्हणायचे, आत कप उचलला की बाहेर बातमी, सेक्रेटरी फुटला. हे खूळ त्यांनी सिंगापुरातही आणलं होतं. पहिले कितीतरी महिने त्यांनी माझ्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही, कारण यार्डात मी मॅनेजमेंटचा.

लोक त्यांना कंटाळायचे, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या भागातली वीस-बावीस मराठी कुटुंबं दिवाळीचा फराळ एकत्र करतात. त्याची बैठक म्हणजे कुणाच्या तरी कॉन्डोत जमून, सामोसे खात, चकल्या कोण तळणार ते ठरवणं. नितीन एका वर्षी बाबांना घेऊन आला. बैठक सुरू होताच धुमाळांचा हात वर. "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं राहिलंय." मागच्या सभेचं इतिवृत्त म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेले अंगठे. सगळे हसले. धुमाळांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि त्या बैठकीचं इतिवृत्त स्वतः लिहून काढलं, अकरा कलमं. सातव्या कलमात एका बाईंनी शंकरपाळे करण्याचं मान्य केलं होतं. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून सह्या घेतल्या. बाईंचे शंकरपाळे काही झाले नाहीत, तेव्हा हे कागद घेऊन त्यांच्या दारात उभे. पुढच्या वर्षी नितीनला वेगळा मेसेज आला, काकांना त्रास नको, तू एकटाच ये. नितीनने तो बाबांना दाखवला नाही, मला दाखवला. पण धुमाळांना समजलं असावं. दिवाळी आली आणि गेली, फराळाचा विषय त्यांनी काढला नाही.

घरातही तेच. बस कधी येणार ते सांगणारं ॲप इरा त्यांच्या फोनवर टाकत होती. अटी मान्य आहेत का, असं बटण आलं. आबा म्हणाले, थांब, वाचू दे.

"आबा, नोबडी रीड्स लाह! जस्ट प्रेस!"

"कुणी वाचत नाही तर लिहितात कशाला?"

चार दिवस ते अटी वाचत होते. नवव्या कलमावर त्यांची हरकत निघाली. हरकत कुणाकडे नोंदवायची ते त्यात दिलेलं नव्हतं, म्हणून ॲप टाकायचं राहिलं. इराने नंतर त्यांना काही शिकवायला घेतलं नाही. शाळेतून आली की ती कानात काहीतरी घालून त्यांच्यासमोरून लिफ्टकडे जायची, आणि ते हात वर करून उगाचच तिला दिसेल असं "आलीस का?" म्हणायचे.

माझं त्यांच्याशी एकदा कडाक्याचं वाजलं. जहाजाच्या टाकीत वेल्डिंग करायचं असेल तर आत गॅस नाही ना हे आधी तपासायचं आणि परवान्यावर सही करायची, असा नियम असतो. रविवारी कोण उठून जाणार म्हणून मी चार-पाच कोऱ्या परवान्यांवर शनिवारीच सह्या करून ठेवत असे. सगळेच करतात. एका दुपारी मी टेबलावर बॅग उघडली आणि ते कागद त्यांच्या हाती लागले.

"हे काय? वर काहीच लिहिलेलं नाही आणि खाली तुमची सही?"

"काका, ती पद्धत आहे इथली."

"आत जाणारा माणूस कोण?"

"असतो कुणीतरी. बांगलादेशी, तमिळ. माझा माणूस बघतो सगळं."

"नाव काय त्याचं?"

मला नाव सांगता आलं नाही आणि त्यामुळेच माझं डोकं फिरलं. म्हटलं, काका, तुमचं वर्कशॉप तिकडे राहिलं, इथे तुम्हाला कुणी सेक्रेटरी नेमलेलं नाही. कागद नीट जुळवून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवले. आठ दिवस मी मागच्या जिन्याने ये-जा केली. पण खरं सांगायचं तर त्या रविवारी मी सकाळी उठून यार्डात गेलो. टाकीत उतरणाऱ्याचं नाव रफीक होतं.

नवव्या दिवशी ते स्वतःहून चौदाव्या मजल्यावर आले. बसले. बायकोने सवयीने विचारलं, "चहा नको असेल ना?" ते म्हणाले, "टाका अर्धा कप." आणि मग त्यांनी मारुती गायकवाडची गोष्ट सांगितली.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या शेडमध्ये इंजिन उचलणाऱ्या यारीची साखळी तुटली आणि खाली उभा असलेला मारुती जागच्या जागी गेला. बत्तीस वर्षांचा. मागे बायको सुनंदा आणि चार वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी सगळ्या कामगारांनी काम बंद करून गेटवर ठाण मांडलं. आत कमिटी बसली. युनियनच्या मागण्या दोनच होत्या. साऱ्या याऱ्या तपासल्याशिवाय खाली कुणी उभं राहणार नाही, आणि सुनंदाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी, तीही कमांडंटच्या खास शिफारशीने, कारण एरवी त्या यादीत नंबर लागेपर्यंत माणूस म्हातारा होतो. कमांडंट होते ब्रिगेडियर माथूर. माणूस सरळ. सीमेवर पाठवायची इंजिनं अडकली होती. त्यांनी धुमाळांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, माणसं आत घ्या, सुनंदाचं नाव मी पहिलं पाठवतो, हा माझा शब्द. धुमाळ गेटवर जाऊन बोलले. माणसं त्यांच्या शब्दावर आत गेली. महिन्याभरात माथूरांचं पोस्टिंग आलं. नव्या कमांडंटने इतिवृत्त मागवलं. पहिली मागणी मंजूर होती. दुसरीपुढे लिहिलेलं होतं, विषयावर चर्चा झाली. एवढंच. खाली उजवीकडे धुमाळांची सही.

"पान बदललं त्यांनी," धुमाळ म्हणाले. "मी सही केली तेव्हा त्यात शब्द होता. नंतर पान बदललं."

सुनंदाचा अर्ज तीन वर्षं फिरून बंद झाला. ती डबे करायला लागली. मारुती गेला त्याच वर्षी धुमाळांना बढती मिळाली होती, रांगेतली, हक्काची. पण लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. पुढच्या निवडणुकीत ते पडले. निवृत्तीच्या दिवशी निरोप द्यायला गेटपर्यंत सात माणसं आली. "सुनंदा एकटी माझ्या बाजूने भांडली. दादा विकले जाणार नाहीत, त्या साहेबानेच फसवलं, म्हणून युनियनच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा करून आली. तिच्या हातात तरी काही कागद द्यायला पाहिजे होता मी."

आता योग बघा. आमच्या यार्डाच्या ऑफिसात माथूर नावाची एक बाई आहे. वडील फौजेत होते एवढं मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तेच ब्रिगेडियर. तिची आई गेल्यापासून तिच्याकडे, बुकित पंजांगला राहतात. मी धुमाळांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी नाव, हुद्दा पुन्हा विचारून खात्री केली. मग म्हणाले, "साहेब, एक पत्र टाइप करून द्याल?"

पत्र त्यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत टाइप केलं. तीन वाक्यं होती. मारुती गायकवाड यांच्या पत्नीस नोकरी देण्याचा शब्द मी कमांडंट या नात्याने दिला होता. तो इतिवृत्तात नोंदवला होता. युनियनच्या सेक्रेटरींनी सही केली ती त्या नोंदीखाली. खाली माथूरांच्या सहीसाठी जागा. एक प्रत सुनंदाला, एक युनियनच्या ऑफिसात लावायला. "मी त्र्याहत्तरचा आहे," धुमाळ म्हणाले. "सेक्रेटरी विकला गेला नव्हता, एवढं माझ्यामागे तिथल्या भिंतीवर राहिलं तर पुरे."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही गेलो. चोआ चू कांगला गाडी बदलून बुकित पंजांगची छोटी एलआरटी रेल्वे घ्यावी लागते. ती इमारतींच्या इतकी जवळून जाते की लोकांची घरं दिसू नयेत म्हणून तिथे गाडीच्या काचा आपोआप धूसर होतात. बाकी सगळ्या प्रवासात धुमाळ एवढंच बोलले, काचांना काय झालं म्हणून.

दार माथूरांनीच उघडलं. उंच, ताठ, गुडघ्याला पट्टा. मुलगी बाहेर गेली होती. चहा त्यांनी स्वतः केला, तोही ट्रेमधून आणला. वर्कशॉपचं नाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"क्या स्टेशन था! बंगले में गुलाब आते थे, इतने बड़े। मेरी वाइफ ने ढाई साल में चालीस गमले लगाए।"

धुमाळ म्हणाले, "सर, मैं धुमाळ। वर्क्स कमिटी। युनियन का सेक्रेटरी।"

"हाँ हाँ, धुमाळ साहब," माथूर म्हणाले. पण ते नुसतं सौजन्य होतं, हे मलाही कळलं.

धुमाळांनी यारी, साखळी, मारुती, गेट सगळं क्रमाने सांगितलं. आवाज कमिटीतला असावा, एकेक मुद्दा वेगळा. माथूर लक्ष देऊन ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "यह मेरे टाइम में हुआ?"

"आप ही के टाइम में, सर।"

माथूर खोटं वागत नव्हते. स्मृती शाबूत होती त्यांची, मुलीच्या ऑफिसातल्या माझ्या दोन साहेबांची नावंही त्यांनी बिनचूक सांगितली होती. "ग्यारह पोस्टिंग हुईं मेरी," शेवटी ते म्हणाले. "बुरा मत मानिए। मुझे उस लड़के का चेहरा याद नहीं आ रहा। पर मैंने कहा होगा। ज़रूर कहा होगा।" धुमाळांचं सगळं आयुष्य ज्या एका दुपारवर अडून बसलं होतं ती दुपार या माणसाकडे नव्हतीच. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग माथूरांनीच हात पुढे केला. "कुछ काग़ज़ लाए हैं न? दीजिए। कहाँ साइन करना है?"

धुमाळांनी पत्र दिलं. माथूरांनी शर्टाचा खिसा चाचपला, चष्मा आत राहिला होता. त्यांनी धुमाळांच्याच खिशातलं काळं पेन हसून काढून घेतलं आणि कागदाच्या तळाशी नेलं.

"सर, पढ़ लीजिए पहले।"

"अरे, आप झूठ थोड़े ही लिखेंगे!"

पेन कागदाला टेकणार तेवढ्यात धुमाळांनी कागद ओढून घेतला. इतक्या जोरात, की ट्रेला धक्का बसून कप कलंडला. माथूर बघतच राहिले. धुमाळांनी पत्राच्या चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवल्या. "रहने दीजिए, सर," म्हणाले. मग उरलेल्या कपातला गार चहा उचलून त्यांनी दोन घोटांत संपवला.

माथूर आम्हाला सोडायला स्टेशनपर्यंत आले. काय बिनसलं ते त्यांना कळलं नव्हतं, पण धुमाळांचा हात काही सोडत नव्हते. "अगले इतवार आइए। कमिटी की बातें करेंगे। यहाँ कोई आता नहीं।" धुमाळ हो म्हणाले. गेले मात्र नाहीत. नंतर माथूरांचा मला तीनदा फोन आला, तुमचे ते धुमाळसाहेब कधी येणार म्हणून.

परतताना चोआ चू कांगच्या फलाटावर दोन गाड्या गेल्या तरी धुमाळ बाकावरून उठेनात.

"पाटणकर," ते म्हणाले. साहेब नाही, नुसतं पाटणकर. "पान कुणी बदललं नव्हतं."

मला आधी समजलंच नाही.

"इतिवृत्त सही करायला आलं त्या दिवशी मारुतीचा दहावा होता. घाटावर सगळे खोळंबले होते. साहेबांचा क्लार्क कागद घेऊन गेटवर आला, मी स्कूटर चालू ठेवूनच सही केली. वाचलं नाही. साहेबाने शब्द दिलाय म्हणजे लिहिला असणारच, असं धरून चाललो. क्लार्कने मुद्दाम गाळलं की साहेबाने लिहायला सांगितलंच नाही, देव जाणे. पण मी वाचलं असतं तर तिथेच अडवलं असतं. लोक विचारायला लागले तेव्हा तोंडातून निघून गेलं, पान बदललं म्हणून. एकदा निघालं ते निघालं." थोड्या वेळाने म्हणाले, "तो माणूस आज माझ्यावर विश्वास ठेवून खोट्या कागदावर सही करत होता. मी केली होती तशीच."

मी म्हटलं, काका, एकोणीस वर्षं झाली, आता कोण विचारतंय? सांत्वन म्हणून म्हटलं, पण यापेक्षा वाईट काही बोलता आलं नसतं. तेच तर त्यांचं दुखणं होतं, कुणीच विचारत नव्हतं.

त्यांनी परत जायचं ठरवलं. नितीन व्हिजिट पास वाढवून घेणार होता, त्याला नको म्हणाले. ते गेले तेव्हा मी एका जहाजाच्या कामाने बाहेरगावी होतो, त्यामुळे विमानतळावर पोचवायला गेलो नाही. माझी त्यांची शेवटची भेट झाली ती त्याआधीच्या मंगळवारी दुपारी, खालच्या टेबलाशी. मी यार्डाच्या गाडीची वाट बघत होतो. त्यांनी मला हाताने बसायची खूण केली.

"सुनंदाला फोन लावतोय. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

इंजिनांच्या आवाजाने त्यांचा उजवा कान गेलेला होता, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. तिकडे दुपारचे दोन वाजले असतील. पलीकडून भांड्यांचा आवाज आला आणि मग तिचा.

"दादा! किती दिवसांनी! आत्ताच डबे गेले बघा. जेवलात का?"

"जेवलो. सुनंदा, नीट ऐक. मधे बोलू नको." आणि त्यांनी सांगितलं. मुद्दे पाडून, कमिटीत सांगत तसं. माथूर भेटले. त्यांना काही आठवत नाही. त्यांनी शब्द दिला होता हे खरं, पण पान त्यांनी बदललं नाही. कुणीच बदललं नाही. मी न वाचता सही केली, आणि नंतर खोटं बोललो. तुझी नोकरी माझ्या सहीने गेली.

भांडी वाजायची थांबली. मला वाटलं फोन तुटला, पण पडद्यावर वेळेचे आकडे पुढे सरकत होते.

"दादा," ती म्हणाली, "एकोणीस वर्षं मी त्या साहेबाला शिव्या घातल्या. पहाटे स्टो पेटवताना घातल्या. पोरीच्या लग्नात अक्षता टाकतानासुद्धा घातल्या. त्याच्या जोरावर मी उठून उभी राहायचे रोज. आता कुणाला घालू?"

"मला घाल," धुमाळ म्हणाले.

ती बोलली नाही. फोनही ठेवला नाही. तेवढ्यात यार्डाची गाडी येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला. मी उठलो. धुमाळांच्या खांद्याला हात लावला, त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवून, डावा कान फोनकडे करून, ती सुरुवात कधी करते याची वाट बघत ते बसले होते.